उजनीचं हिरवं पाणी, शिंपले आणि जनुकं: प्रयोगाचा आराखडा तपासून हवा

भीमाकाठ (धागाकर्ता)

प्राणिशास्त्र एमएस्सीच्या प्रकल्पाचा आराखडा खाली देतोय. चुका काढा, भीड नको.

विषय: उजनीच्या फुगवट्यात उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिस या सूक्ष्म शैवालाचा जो हिरवा थर (बहर) येतो, त्याला गोड्या पाण्यातला शिंपला जनुकांच्या पातळीवर कसं तोंड देतो. प्राणी: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. २० लिटरच्या दोन टाक्या, प्रत्येकीत १० शिंपले. एकीत साधं पाणी, दुसरीत धरणावरून आणलेलं हिरवं पाणी. ७ दिवसांनी कल्ले आणि पचनग्रंथी काढायची, आरएनए वेगळा करायचा आणि क्यूपीसीआरवर (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) एचएसपी७०, जीएसटी, एसओडी, कॅटालेज ही ताण आणि विष हाताळणारी जनुकं मोजायची. संदर्भ जनुक (तुलनेचा स्थिर मापदंड) बीटा-अ‍ॅक्टिन.

प्रश्न तीन:
१) समुद्री शिंपल्यांवर झालेलं काम इथे कितपत लागू पडतं?
२) प्रस्तावनेत "बहरामुळे शिंपल्यांची जनुकं बदलतात" असं वाक्य आहे. चालेल का?
३) आरएनए चांगला मिळण्यासाठी काय करावं?

---

खाडीकर

प्रश्न २ आधी घेतो. ते वाक्य काढा, परीक्षक पहिला तिथेच धरेल.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, आहे तेच जनुक कमी-जास्त वाचलं जाणं, म्हणजे अभिव्यक्ती. विष आत आलं की काही तासांत जीएसटीचा आरएनए वाढतो, विष गेलं की उतरतो. डीएनएचा क्रम जसाच्या तसा राहतो. तुमच्या ७ दिवसांत एवढंच दिसू शकतं. दुसरी गोष्ट निवडीची: पिढ्यान्‌पिढ्या बहर सोसलेल्या वस्तीत, ज्यांच्याकडे आधीपासून सोयीचा उत्परिवर्तित प्रकार होता ते तगले, आणि त्या प्रकाराचं प्रमाण वाढलं. बहराने उत्परिवर्तन घडवलं नाही, निवडलं.

दुसऱ्या गोष्टीचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे माया अरेनारिया हा उत्तर अटलांटिकचा मऊ कवचाचा शिंपला. अलेक्झांड्रियम शैवालाचं सॅक्सिटॉक्सिन चेतापेशींच्या सोडियम मार्गिकेच्या तोंडात बुचासारखं बसतं आणि संदेश थांबवतं. कॅनडात फंडीच्या उपसागरात असे बहर नेहमीचे, तर नोव्हा स्कोशियातल्या लॉरेन्सटाउनच्या खाडीत ते होत नाहीत. दोन्हीकडचे शिंपले २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या कामात ताडून पाहिले गेले. फंडीच्या बऱ्याच शिंपल्यांत मार्गिकेच्या दुसऱ्या भागात, छिद्राच्या तोंडाशी, ग्लुटामिक आम्लाच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल निघालं. एका अमिनो आम्लाचा फरक, पण विषाची पकड सुमारे हजार पटीने सैल.

याचा उलटा परिणाम खाणाऱ्यावर होतो. संवेदनशील शिंपला विष लागलं की लुळा पडतो, वाळूत शिरू शकत नाही, गाळणंही मंदावतं. प्रतिकारक शिंपला मजेत गाळत राहतो आणि अंगात जास्त विष साठवतो. दिसायला ठणठणीत, खायला जास्त धोक्याचा. हे प्रस्तावनेत जरूर घ्या.

आता प्रश्न १. उजनीतलं विष सॅक्सिटॉक्सिनच्या जातीचं धरू नका. मायक्रोसिस्टिसचं मायक्रोसिस्टिन पीपी१ आणि पीपी२ए या फॉस्फेटेज विकरांना (प्रथिनांवरचा फॉस्फेट काढणाऱ्या) जखडतं. समुद्रात हेच काम डायनोफायसिस शैवालाचं ओकाडेइक आम्ल करतं. म्हणून तुलनेसाठी ओकाडेइक आम्लावरचे निबंध वाचा, सॅक्सिटॉक्सिनवरचे नव्हेत. सोडियम मार्गिका चेता आणि स्नायूंत असते, पचनग्रंथीत तिचं फारसं काम नाही. त्यामुळे विषारी अलेक्झांड्रियम खाल्लेल्या भूमध्य समुद्रातल्या मायटिलस शिंपल्याच्या पचनग्रंथीत आरएनए पातळीवर जवळपास काहीच हललं नाही, असेही निष्कर्ष आहेत. फॉस्फेटेज मात्र प्रत्येक पेशीत असतात, तेव्हा मायक्रोसिस्टिनला पचनग्रंथी हाच योग्य अवयव.

---

पेशीमोजणी

@भीमाकाठ, दोन टाक्यांचा आराखडा टिकणार नाही.

एका टाकीतले १० शिंपले म्हणजे १० स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांचं पाणी एक, अमोनिया एक, रात्री प्राणवायू उतरला तर तोही सगळ्यांना एकच. आकडेमोडीत त्या टाकीचा नमुना एकच धरला जातो. म्हणजे तुमच्याकडे एक विरुद्ध एक.

दुसरं, "साधं पाणी विरुद्ध हिरवं पाणी" यात विषाचा परिणाम वेगळा काढताच येत नाही. हिरव्या पाण्यात शैवाल आहे, जिवाणू आहेत, रात्रीचा प्राणवायूचा तुटवडा आहे आणि पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याचा अंशही आहे. साध्या पाण्यातला शिंपला मात्र ७ दिवस उपाशी. उपासमारीनेही एसओडी आणि कॅटालेज हलतात. मग मोजलं काय?

किमान हे करा:

गट तीन. (अ) फक्त क्लोरेला, म्हणजे बिनविषारी हिरवं शैवाल. (ब) क्लोरेला + विषारी मायक्रोसिस्टिस. (क) क्लोरेला + बिनविषारी मायक्रोसिस्टिस. तिन्हीत खाद्याचं एकूण वस्तुमान सारखं ठेवा, पेशींची संख्या नव्हे, कारण दोन्ही पेशींचे आकार वेगळे. विषारी प्रकार म्हणून पीसीसी ७८०६ सगळीकडे वापरतात. त्याचंच मायक्रोसिस्टिन-जनुक बंद पाडलेलं उत्परिवर्तितही आहे. ते न मिळाल्यास एमसीवायई हे मायक्रोसिस्टिन बनवणारं जनुक नसलेला कुठलाही प्रकार चालेल, मात्र पीसीआरने खात्री करून घ्या.

प्रत्येक गटाला ४ टाक्या, म्हणजे १२. प्रत्येक टाकीत २० लिटर पाणी आणि ६ शिंपले. ०, २४, ७२ तास आणि ७ दिवस, दर वेळी प्रत्येक टाकीतून एक शिंपला. ४८ नमुने झाले, उरलेले २४ मरतुकीसाठी आणि विष मोजण्यासाठी. शिंपला काढला की मात्रा उरलेल्यांच्या संख्येनुसार कमी करा. नाहीतर शेवटच्या दिवशी प्रत्येकाला सुरुवातीच्या दुपटी-तिपटीने शैवाल मिळेल.

मात्रा: मिलिलिटरला १ लाख पेशी हवी असेल तर २० लिटरला २०० कोटी पेशी लागतात. कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेलं शैवाल) मिलिलिटरला ५० लाखांचं असेल तर ४०० मिलि. पण ४०० मिलि बीजी-११ माध्यमही (ज्यात ते वाढवतात ते पोषक पाणी) सोबत जातं आणि त्यात नायट्रेट भरपूर असतं. म्हणून पेशी धुऊन घ्या, किंवा बाकी गटांतही तेवढंच कोरं माध्यम टाका.

धुताना एक अडचण येते. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या कुप्या असतात, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसायच्या ऐवजी पेशी वर तरंगतात. जाड सिरिंजमध्ये कल्चर भरा, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने दाबा. कुप्या फुटतात, दुधाळ हिरवा रंग एकदम गडद पारदर्शक होतो, मग पेशी मुकाट खाली बसतात.

धरणावरचा थर थेट वापरायचा नाही याचं आणखी एक कारण आहे. निसर्गात मायक्रोसिस्टिस बुळबुळीत आवरणातल्या वसाहतींत राहतं. मोठ्या वसाहती शिंपला गिळत नाही, श्लेष्म्यात गुंडाळून बाहेर टाकतो. तळाशी हिरवट धाग्यांसारखं साचेल, ती विष्ठा नव्हे. म्हणजे पाण्यात विष भरपूर, पोटात नगण्य. प्रयोगशाळेतलं कल्चर सुट्या पेशींचं असतं, ते सहज गिळलं जातं. तरीही वसाहती मोजायची वेळ आलीच, तर नमुन्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घाला, ८० अंशांवर गरम करा आणि जोराने हलवा. पेशी सुट्या होतात.

शिंपला खातोय की तोंड मिटून बसलाय हे रोज तपासा. सुरुवातीची आणि तासाभरानंतरची पेशीसंख्या घ्या. दोन्हींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन पाण्याच्या आकारमानाने गुणायचं, मग शिंपल्यांची संख्या आणि तास यांनी भागायचं. हा गाळण्याचा वेग. शिंपले नसलेली एक टाकी सोबत ठेवून आपोआप खाली बसणाऱ्या पेशी वजा करा. वेग शून्याजवळ असेल तर त्या प्राण्याचा आरएनए विषाबद्दल काही सांगत नाही, कवच मिटून घुसमटल्याबद्दल सांगतो.

---

चिमणीगल्ली

पाण्याबद्दल. नळाचं पाणी साठवलेलं असलं, तरी त्यातला क्लोरिन उडून गेला असेल असं गृहीत धरू नका. झाकलेल्या टाकीत तो बराच टिकतो. चाचणी करा, आणि क्लोरिन सापडल्यास लिटरमागे प्रत्येक १ मिलिग्रॅमला ७ मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट घाला.

तापमान: २६ ते २८ अंश, १० ते १४ दिवस सरावासाठी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात खोलीचं तापमान सहज ३८ च्या वर जातं, आणि एचएसपी७० हे नावातच उष्णतेचं प्रथिन. वीज दोन तास गेली की तुमचा आलेख विषाचा नाही, उन्हाचा निघेल. प्रयोग नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. कल्चर वापरणार असाल तर धरणावर थर असण्याची वाट बघायची गरजच नाही. बॅटरीवरचा हवापंप तरीही हवाच.

भीमानगरहून शिंपले आणताना पाण्याच्या डब्यात कोंबू नका, दोन तासांत प्राणवायू संपतो. ओल्या कापडात गुंडाळा, शीतपेटीत ठेवा, बर्फ वेगळ्या पिशवीत. सोलापुरी टॉवेल उत्तम, पण नवा नको. कांजी आणि रंग निघून गेलेला, वापरून चांगला मऊ झालेला घ्या.

---

सीटीव्हॅल्यू

प्रश्न ३ माझा.

ऊती ५० ते १०० मिलिग्रॅम, ट्रायझॉल (आरएनए वेगळा करायचा द्राव) १ मिलि. पचनग्रंथी आधी काढा, कल्ले नंतर, कारण पचनग्रंथीत आरएनए चावणारी विकरं ठासून भरलेली असतात. कवच उघडल्यापासून ती आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणारा द्राव) पडेपर्यंत दोन मिनिटांच्या वर नको. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, द्राव ऊतीच्या ५ ते १० पट. रात्रभर ४ अंशांवर मुरू द्या, मग उणे ८०. थेट गोठवलं तर द्राव आत पोचत नाही आणि मधला भाग सडतो.

मृदुकाय प्राण्यांचा श्लेष्मा हा पुढचा त्रास. त्यातली शर्करासंयुगं आरएनएसोबत खाली येतात, गोळी जेलीसारखी दिसते, विरघळत नाही, आणि २६०/२३० चं (शुद्धता दाखवणारं) गुणोत्तर १ च्याही खाली जातं. उपाय: अवक्षेपणाच्या वेळी नुसतं आयसोप्रोपेनॉल न घालता, ट्रायझॉलच्या प्रत्येक मिलिलिटरमागे पाव मिलि आयसोप्रोपेनॉल आणि पाव मिलि क्षारद्राव घाला. क्षारद्राव म्हणजे ०.८ मोलर सोडियम सायट्रेट + १.२ मोलर मीठ. शर्करा वर राहतात, आरएनए बसतो.

आता ज्या ठिकाणी चांगला आरएनए फेकून दिला जातो ती जागा. जेलवर २८एस आणि १८एस (रायबोसोमचे आरएनए) अशा दोन पट्ट्या दिसायला हव्यात असं पुस्तकात असतं. शिंपल्यांच्या २८एस रेणूत मधोमध एक छुपा खंड असतो. हायड्रोजन बंधांमुळे तो अखंड भासतो, पण नमुना ६५-७० अंशांवर तापवला की त्याचे दोन तुकडे पडतात, आणि दोन्ही जवळपास १८एसच्या जागी येऊन बसतात. एकच पट्टी दिसते, यंत्र दर्जाचा आकडा पडेल देतं. नमुना खराब नसतो. खराब नमुना म्हणजे खाली पसरलेला धूर. पट्टी एक पण रेखीव, तर बिनधास्त पुढे जा.

डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारं विकर) सोडू नका. प्रत्येक नमुन्याचं, आरएनएचा डीएनए बनवणारं विकर न घातलेलं नियंत्रणही चालवा.

बीटा-अ‍ॅक्टिन एकटं नको. मायक्रोसिस्टिन पेशीचा सांगाडाच विस्कटतं, म्हणजे तुमचा मापदंडच हलतो. इएफ१-अल्फा, ट्युब्युलिन, एखादं रायबोसोमी प्रथिन असे पाच-सहा उमेदवार घ्या, स्थिरता तपासा (जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या आज्ञावलींनी), त्यातले किमान दोन वापरा. १८एस इतका मुबलक असतो की त्याचा सीटी (क्यूपीसीआरच्या कितव्या फेरीत दिसू लागतो तो आकडा) १० च्या आसपास आणि लक्ष्य जनुकाचा २८. तुलना तिथेच लंगडते.

प्राइमर: उत्पाद ८० ते २०० बेस-जोड्या, कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, प्रमाणरेषेचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६. दोन जनुकांची कार्यक्षमता जुळत नसेल तर डेल्टा-डेल्टा सीटी वापरू नका, पफाफ्लचं सूत्र घ्या.

आणि "एचएसपी७०" असं एकच जनुक समजू नका. पॅसिफिक कालवाच्या जनुकसंचात (२०१२) त्याच्या ८८ प्रती निघाल्या, माणसात १७. पेशीचा आत्मघात रोखणारी आयएपी कुळातली ४८, माणसात ८. भरती-ओहोटीत तापणं, सुकणं, विष गाळणं हे सगळं जागेवरून न हलता सोसायचं, त्यासाठी हा साठा. तुमच्या प्राइमरने त्यातली कुठली प्रत वाढवली हे उत्पादाचा क्रम वाचल्याशिवाय सांगता येत नाही. दोन प्रती विरुद्ध दिशेने हलत असतील तर सरासरी शून्य दिसेल.

---

हुरडा_आणि_चटणी

जाणकारांना साधा प्रश्न. उजनीतले शिंपले काही जण कालवण करून खातात. उकळल्यावर विष मरतं ना बे?

---

खाडीकर

नाही. मायक्रोसिस्टिन उकळीने मोडत नाही, सॅक्सिटॉक्सिनही नाही. उकळल्याने विषाचा काही भाग रश्श्यात उतरतो एवढंच, आणि रस्सा आपण टाकत नाही. लसूण, कोकम यांनीही काही होत नाही.

आकडा काढून बघा. मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा रोज, किलो वजनामागे ०.०४ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २.४ मायक्रोग्रॅम. त्याने १०० ग्रॅम मांस खाल्लं तर मांसात किलोला २४ मायक्रोग्रॅमच्या वर नको. हा रोजच्या, दीर्घकाळच्या सेवनाचा हिशोब आहे, एका जेवणाचा नाही. पाण्यावर पोपटी साय दिसते तेव्हा, आणि ती गेल्यावर काही आठवडे, तिथले शिंपले न खाणं हा व्यवहारी मार्ग.

समुद्राकडची विषबाधा याहून झटपट असते: ओठ बधिर, मग श्वास. १९९७ साली केरळात विळिंजमला शिंपले खाऊन माणसं दगावली. सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा किलो मांसाला ८०० मायक्रोग्रॅम धरतात.

---

त्रिमिती

क्यूपीसीआरची चार जनुकं १९९८ सालची वाटतात. सगळा आरएनएच वाचा ना. एकदाच करायचं, सगळं मिळतं.

---

पेशीमोजणी

@त्रिमिती, "सगळं मिळतं" हीच अडचण. पचनग्रंथीत नुकतंच खाल्लेलं क्लोरेला असतं, आणि क्लोरेलाच्या आरएनएलाही पॉली-ए शेपूट असते. वाचनांतला बराच भाग शैवालाचा निघतो, आणि 'बहर गटात प्रकाशसंश्लेषणाची जनुकं वाढली' असा हास्यास्पद निष्कर्ष यादीच्या अग्रभागी येतो. २४ तास उपाशी ठेवून पोट रिकामं करता येतं, पण मग उपासमारीची जनुकं हलतात, म्हणून तिन्ही गटांना सारखंच उपाशी ठेवावं लागतं आणि जुळणीनंतर शैवालाचे क्रम गाळावे लागतात.

शिवाय शिंपल्यांत एकाच प्राण्याच्या दोन प्रतींत फरक खूप. संदर्भ जनुकसंच हाताशी नसेल तर जुळणी करणारी आज्ञावली एका जनुकाचे पाच करून ठेवते. मायटिलस गॅलोप्रोव्हिन्सियालिसच्या संचात (२०२०) तर ६० हजारांवर जनुकं निघाली, आणि त्यातली कित्येक काही प्राण्यांत आहेत, काहींत नाहीतच. "अभिव्यक्ती शून्य" म्हणजे बंद की मुळात गैरहजर, हा प्रश्न तिथे खरा असतो.

पैसे असतील तर नमुन्यामागे २ ते ३ कोटी जोड-वाचनं, गटामागे किमान ४ टाक्या, आणि नमुने एकत्र मिसळायचे नाहीत. पैसे नसतील तर सहा जनुकं नीट मोजलेली बरी. एमएस्सीला मी हा सहा जनुकांचा मार्गच सुचवेन.

---

त्रिमिती

शैवालाचा मुद्दा मान्य. मग यादीत बदल सुचवतो. जीएसटी ठेवा, मायक्रोसिस्टिन ग्लुटाथायोनला जोडण्याचं काम त्याचंच. पण त्याचीही कुळं आहेत, म्यू, पाय, सिग्मा, तेव्हा कुठलं ते लिहा. पेशीबाहेर विष ढकलणारा एबीसी वाहक, म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन, घ्या. पीपी२ए चं उत्प्रेरक उपघटक घ्या: विकर जखडलं की पेशी ते जास्त बनवून भरपाई करते का, हे बघण्यासारखं आहे. आयएपी एक. कॅटालेज काढलं तरी चालेल, ते कशानेही हलतं.

---

गाळातला

दोन गोष्टी कुणी बोललं नाही.

जात ठरवणं: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस आणि कोरियानस कवचावरून गफलत होते, सीओआय या जात ओळखायच्या जनुकाने खात्री करा. पण ऊती पायाची घ्या, जननग्रंथीची नको. हे जनुक तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रिया) असतं, आणि या कुळात तंतुकणिका दोन वाटांनी येतात. आईकडून सगळ्यांना, आणि बापाकडून फक्त मुलग्यांना, ती जननग्रंथीत साठते. दोन्हींचा क्रम इतका वेगळा असतो की नराच्या जननग्रंथीतून वाचलं तर तुमचा शिंपला वेगळ्याच जातीचा वाटतो.

दुसरं, माद्या अंडी-अळ्या कल्ल्यांतच वाढवतात. कल्ला जाड, पांढरट-तपकिरी, फुगलेला दिसला तर तो नमुना बाद. नाहीतर निम्मा आरएनए पिल्लांचा. नोव्हेंबरात प्रयोग घेतला तरी प्रत्येक शिंपल्याचा कल्ला डोळ्यांनी बघाच.

---

सीटीव्हॅल्यू

नमुने रोज एकाच घटकेला काढा. शिंपल्यांचं उघडझाप आणि बरीच जनुकं दिवस-रात्रीच्या तालावर चालतात. २४ तासांचा नमुना सकाळी ९ ला आणि ७२ तासांचा संध्याकाळी ५ ला घेतला तर घड्याळाचा फरक विषाच्या नावावर जमा होतो.

---

भीमाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सुधारित आराखडा:

प्रयोग डिसेंबरात. १२ टाक्या, ३ गट, ७२ शिंपले + १५ राखीव. कल्चरवर, धरणाच्या पाण्यावर नाही. पचनग्रंथी मुख्य, कल्ले दुय्यम. जनुकं: जीएसटी-म्यू, पी-ग्लायकोप्रोटीन, पीपी२ए, आयएपी, एचएसपी७० (क्रम वाचून), एसओडी. संदर्भ सहा तपासून दोन. नमुने सकाळी ९ वाजता. मांसातलं विष ८० टक्के मिथेनॉलने काढून एलायझावर (प्रतिपिंडांनी विष मोजायची चाचणी). प्रस्तावनेतलं वाक्य आता असं: "बहराच्या काळात विष निष्प्रभ करणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते का, हे तपासणे."

---

खाडीकर

एलायझाबद्दल एक दुरुस्ती. मायक्रोसिस्टिन फॉस्फेटेजच्या सिस्टीनला पक्क्या बंधाने चिकटतं, तो भाग मिथेनॉलने सुटत नाही. तुमचा आकडा फक्त मोकळ्या विषाचा असेल, कोष्टकात "मुक्त मायक्रोसिस्टिन" असंच लिहा. एकूण हवं असेल तर ऑक्सिडीकरण करून विषातून निघणारा एमएमपीबी हा तुकडा मोजावा लागतो, त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

प्रयोग संपल्यावर शिंपले आणि कल्चर तलावात सोडू नका, ना कंबर तलावात, ना हिप्परग्याला. कल्चर ऑटोक्लेव्ह केल्याने पेशी मरतात, विष राहतं. आधी ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा.

---

चिमणीगल्ली

ब्लीच घातलेला डबा ऑटोक्लेव्हमध्ये नको मात्र. क्लोरिन वायू सुटतो आणि भांडं गंजतं ते वेगळंच. आधी ऑटोक्लेव्ह, थंड झाल्यावर ब्लीच.

---

खाडीकर

बरोबर, क्रम तोच.